एक्केचाळीस नंबरचं घर

१९८७ साल. वाल्पाराइसोच्या आमच्या टेकडीवर एडेलमिराच्या दारात तीन माणसं उभी होती: तिचा नवरा ओस्वाल्दो, त्याचा वकील आणि चढाने धापा टाकणारा एक भाडोत्री साक्षीदार. मी समोरच राहायची. इस्त्रीचे कपडे न्यायला आले होते, ती तिथेच थांबले.

ओस्वाल्दो घर सोडून लुक्रेसियाकडे राहायला गेला होता. आता त्याला तिच्याशी लग्न करायचं होतं. चिलीत तेव्हा कायद्याने घटस्फोट मिळत नसे. मग लोक युक्ती करत. लग्नाच्या वेळी आम्ही ते नोंदणाऱ्या कचेरीच्या हद्दीत राहतच नव्हतो, असं शपथेवर सांगायचं. कचेरी चुकीची, म्हणजे लग्न झालंच नाही.

"बाई, एवढंच म्हणा," वकील म्हणाला, "की तेव्हा तुम्ही खाली बंदरावर राहत होता."

"मी याच घरात जन्मले. दारावरचा नंबराचा पत्रा माझ्या बापाने ठोकलाय."

"सगळेच म्हणतात हो. कुणाचं काय जातंय?"

एडेलमिरा साक्षीदाराकडे वळली. "तुम्ही मला लग्नाआधीपासून ओळखता म्हणे?"

"हो, म्हणजे..."

"मग टेकडीची सवय कशी नाही? आधी पाणी प्या, मग खोटं बोला."

"मिरा, कशाला अडून बसतेस?" ओस्वाल्दो म्हणाला. "मी काही परत यायचा नाही."

"नकोच येऊस. सोडून गेलास ना? मग तसं सांग. झालंच नव्हतं म्हणू नकोस. इतकी वर्षं तू काय माझा भाडेकरू होतास?"

"सोडून गेला म्हणून लग्न मोडेल असा कायदा नाही, बाई," वकील म्हणाला.

"मग तसा कायदा येईपर्यंत थांबते," ती म्हणाली आणि इस्त्री फिरवू लागली.

त्यांनी तरीही दावा लावला. एडेलमिरा अख्खी गल्ली घेऊन कोर्टात गेली. पाववाला, सुईण, मी, सगळ्यांनी ती लग्नाआधीपासून याच घरात राहते असं सांगितलं. दावा पडला.

घटस्फोटाचा कायदा २००४ साली आला. तोवर तिचे केस पांढरे झाले होते. या वेळी दावा तिने लावला. नवरा घर सोडून गेला, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती ओस्वाल्दोला म्हणाली, "जा, आता कर लग्न."

पण लुक्रेसिया म्हणाली, या वयात कशाला. तो तसाच, लग्नावाचून वारला. वकील पुढे जमिनीचे दावे लढवू लागला. साक्षीदार टेकडीवर पुन्हा दिसला नाही.

एडेलमिराही गेली. नव्या मालकांनी घर निळं रंगवलं. रंगारी दारावरचा एक्केचाळीस नंबराचा पत्रा उचकटायला लागला, तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.