शिगोशीग

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा कान मोडका आहे आणि कड चेपलेली. एका तबेल्यात घोड्यांच्या चंदीचं, म्हणजे दाण्याचं, माप म्हणून माझी हयात गेली.

आमचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, मनाने मोठा. भरडलेले जवस तो माझ्यात शिगोशीग, काठावर ढीग येईल असे, भरायचा आणि तांबडी नावाच्या घोडीला वर आणखी एक मूठ द्यायचा. जवसाने तिच्या अंगावर अशी तुकतुकी आली की येणारेजाणारे थबकत. "सगळी या डब्याची करामत," मोतद्दार म्हणायचा. मला ते खरं वाटायचं.

फक्त तिचे खूर जरा ठिसूळ होते. मोतद्दाराचा मेहुणा नालबंद. त्याने खुरांसाठी एक भुकटी सुचवली. मोठी निळी बरणी आली. मोतद्दाराने वरचा बारीक मजकूर वाचला नाही. मला बुडवलं आणि सवयीने शिगोशीग भरून चंदीत ओतलं.

काही आठवड्यांनी खरारा करताना आयाळीचे केस पुंजक्यापुंजक्याने त्याच्या हातात येऊ लागले. मग चारही खुरांना वरच्या कडेशी गोल तडे गेले. "भुकटी कमी पडतेय," मोतद्दार म्हणाला आणि रोज दोन डबे घालू लागला. तांबडीला पाय टेकवेना. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "किती दिवस तिला असं तळमळत ठेवायचं? डॉक्टरीणबाईंना बोलवा, आणि त्या म्हणतील तर तिला सोडवू या."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भुकटी किती देता?"

"हा डबाभर. आता दोन."

त्यांनी बरणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून करंगळीएवढा चमचा काढला. "माप हे होतं. यात सेलेनियम आहे. चिमूटभर लागतं, जास्त झालं की विषच."

मोतद्दाराने तो चमचा माझ्याशेजारी धरून पाहिला. "म्हणजे मीच घातलं तिला?"

खरं तर आम्ही दोघांनी घातलं होतं. त्या दिवशी मला माझ्या मोठेपणाची फार लाज वाटली.

"भुकटी आजच बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खूर वरून नवा येतो. तडा खाली सरकत सरकत निघून जाईल. वर्ष लागेल, आणि तेवढं तिने तगायला हवं."

मोतद्दाराने तिच्या पायाखाली भुशाची जाड गादी केली आणि रोज पट्ट्या बदलल्या. नालबंद दर महिन्याला येऊन तडा किती खाली आला ते बोटाने मापायचा. "दाजी, अर्धं बोट सरकला. तोंड वर करा आता, तुम्हाला बघून घोडीच रडेल."

अकराव्या महिन्यात त्याने चौथ्या खुराची तडकलेली शेवटची कड छाटली. तांबडीने पाय टेकला, जरा थांबली आणि अंगणाला एक फेरी मारून आली. मोतद्दार तोंड फिरवून उभा राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.

तो छाटलेला तुकडा त्याने माझ्यात टाकला आणि मला चंदीच्या पिंपावर खिळ्याला टांगलं. आता मी काही मापत नाही.

मित्रांनो, जीव लावा, पण मुक्या जिवाच्या तोंडात काही घालण्याआधी वरचं वाचा आणि तळाशी हात घालून बघा. आमचा मोतद्दार आता पिंप उघडण्याआधी मला एकदा हलवतो. आतला तुकडा वाजतो आणि मगच तो चंदी काढतो.