बिनलशीचा संगणक

उत्तरेकडच्या बर्फाळ होंकावारा गावात विशी ते चाळिशीतला एकही दंड असा नव्हता, ज्यात हिल्का मोइलानेननं सुई टोचलेली नाही. चौतीस वर्षं ती गावाची नर्स होती. निवृत्त झाल्यावर गावमंडळाची चिटणीस झाली आणि तेही काम तिनं त्याच खाक्यात चालवलं. पत्रं वेळेवर जायची, सणाच्या सुपाच्या पाळ्या चोख लागायच्या, आणि उशीर करणाऱ्याला चारचौघांत दोन शब्द ऐकावे लागायचे. बारा वर्षांत तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

त्या फेब्रुवारीत मात्र दाखवलं. बर्फावरून घसरण्याचा सण जवळ आला होता. वाटाण्याचं सूप कुणी कधी ढवळायचं, याचा तक्ता हिल्कानं गुरुवारी संध्याकाळी त्रेचाळीस घरांना ईमेलनं पाठवला. शुक्रवारी सकाळपर्यंत अकरा घरांचे संगणक आडवे झाले. राइलीच्या दुकानाचा हिशेब उघडेना, कुणाच्या नातवंडांचे फोटो गेले. ज्यानं त्यानं आठवून पाहिलं, तर शेवटचं उघडलं होतं ते सुपाचं पत्र, आणि पत्राखाली नाव हिल्काचं.

हिल्काचा संगणक ठणठणीत होता. नऊ वर्षांपूर्वी तिच्या भाचीनं, नूरानं, त्या म्हाताऱ्या यंत्रावर लिनक्स ही विषाणू सहसा न लागणारी प्रणाली घालून दिली होती. तेव्हापासून प्रत्येक कॉफीला हिल्का ऐकवायची, “माझ्याला लस लागत नाही.” जन्मभर दुसऱ्यांना लस टोचणाऱ्या बाईनं हे बोलावं, याचं हसू तिला स्वतःलाच कधी आलं नव्हतं. आता गावाला येत होतं.

सगळ्यांत मोठ्यानं हसला ताउनो हेइक्किनेन. जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवून निवृत्त झालेला हा गडी शाळेत तिच्याच बाकावर बसायचा. दुकानात तो सगळ्यांदेखत म्हणाला, “नर्सबाई, अख्ख्या गावाला टोचलंस आणि स्वतःचा संगणक बिनलशीचा ठेवलास?” नुसतं बोलून तो थांबला नाही. मार्चच्या वार्षिक सभेसाठी त्यानं लेखी ठरावच दिला, की संगणकाला संरक्षण नसलेल्या माणसाकडे चिटणीसपद ठेवू नये.

हिल्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण रात्री पाठ टेकल्यावर राग नव्हे, भीतीच वर आली. पद गेलं असतं तर गेलं असतं. पण जिच्या हातानं गाव निरोगी राहिलं, तिच्याच हातानं गाव आजारी पडलं, असं उद्या पोरंसोरं म्हणणार होती. हे तिला सोसणारं नव्हतं.

तिनं नूराला फोन लावला. “खरं सांग. मला लस हवी होती का?”

“तुझ्यासाठी नाही गं मावशी,” नूरा म्हणाली. “घरात लिनक्स वापरणाऱ्याला सहसा नाही लागत. दुरुस्त्या वेळेवर घ्यायच्या, भलत्या ठिकाणाहून काही उतरवून घ्यायचं नाही, बस. पण तू अख्ख्या गावाला कागद वाटतेस. त्यात विषाणू असला तरी तुझ्याकडे तो कागद नुसता पडून राहतो. दुसऱ्याकडे जाऊन चावतो.”

स्वतःला ताप न येता गावभर रोग पोचवणारी माणसं हिल्कानं नोकरीत पाहिली होती. आपणही त्यातलेच निघालो, हे तिला चांगलंच लागलं. पण एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला. आपण पोचवला, तर आपल्याला दिला कुणी?

त्याचं उत्तर कसं शोधतात, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. एका लग्नात निम्मं गाव ओकलं होतं, तेव्हा ती दारोदार जाऊन कोण काय जेवलं ते लिहीत फिरली होती, आणि मासे भरून भाजलेल्या पावापर्यंत पोचली होती. तो पाव कुणी भाजला, हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता तिनं चौकडीची वही घेतली, घसरगाडीवर एक पाय ठेवला आणि दुसऱ्यानं बर्फ रेटत निघाली. अकरा घरं, अकरा कप कॉफी. सगळीकडे एकच उत्तर: बिघाड सुपाचं पत्र उघडल्यावरच. आणि पत्रातला तक्ता त्या वर्षी केला होता ताउनोनं; तिनं तो फक्त पुढे पाठवला होता.

ताउनोनं दारातच छाती काढली. “माझ्याकडे काय बघतेस? माझा संगणक जरा हळू चालतो, पण धडधाकट आहे. मी संरक्षण घेतलंय. तेही फुकट.”

“कधी घेतलंस?” आत येत हिल्कानं विचारलं.

“मंगळवारी. पडद्यावर लाल पाटी आली, चौदा विषाणू आहेत म्हणाली. मी बटण दाबलं. हे बघ, हिरवी ढाल.”

“आणि सुपाचा तक्ता कधी केलास?”

“बुधवारी,” ताउनो म्हणाला, आणि त्याचा कॉफी ओतणारा हात थांबला.

लस म्हणून त्यानं रोगच घरात घेतला होता. हिल्कानं वाकून संगणकाची इंटरनेटची तार उपटली. “नूरा येईपर्यंत याला हात लावू नकोस,” ती म्हणाली.

“आता सभेत सांगशील.” ताउनोचे कान लाल झाले होते.

‘सांगीनच’ हे हिल्काच्या जिभेच्या टोकावर होतं, आणि घरी पोचेपर्यंत तिथंच राहिलं.

सभेला गावघर, म्हणजे गावाचं सभागृह, भरलं होतं. वेलचीचे पाव कुणी हातात घेतले नव्हते. हिल्का वही उघडून उभी राहिली.

“रोग मी वाटला,” ती म्हणाली. “माझं यंत्र आजारी पडत नाही, म्हणून मी कागद न तपासता पुढे ढकलला. ती माझी चूक. परवापासून माझ्याकडून जाणारा प्रत्येक कागद आधी तपासला जातो. तसा तपासनीस लिनक्सवरही मिळतो, आणि मी तो घातलाय. पण रोग माझ्या घरात जन्मला नाही. तो एका घरात खोट्या संरक्षणाच्या वेषात आला. तशी लाल पाटी दिसली तर बटण दाबू नका, मला फोन करा.”

“कुठल्या घरात?” राइलीनं विचारलं.

“नर्स रोगाचं नाव सांगते. घराचं नाही.”

“मग तुझंच घर नाही कशावरून?” मागून कुणीतरी म्हणालं. दोनचार माना हलल्या. हिल्कानं वही मिटली. नाव सांगून सुटायची वाट समोर होती आणि ती त्या वाटेनं जाणार नव्हती.

तेवढ्यात बाक करकरला. ताउनो उठला होता.

“माझ्या घरातून,” तो म्हणाला. “बटण मी दाबलं. वर हिच्याविरुद्ध ठराव मीच दिला. तिला हे आठ दिवस माहीत होतं, आणि मी रोज वाट बघत होतो कधी बोलते. बोललीच नाही.” त्यानं घसा खाकरला. “माझा ठराव मागे. चिटणीस म्हणून मी हिल्का मोइलानेनचं नाव सुचवतो.”

गावघरात एकदम हशा उसळला, आणि पाठोपाठ हात वर जाऊ लागले. राइलीचा गेला, मागून बोलणाऱ्याचाही गेला. हिल्काला क्षणभर पेनच सापडेना.

ते सापडल्यावर चिटणीस या नात्यानं तिनंच मतं मोजली. ताउनोनं दोन्ही हात वर केले होते. तिनं त्याचा एकच धरला.