न दिलेली ओळ

नाटक मंडळाचा रंगमंच थेट समुद्रकाठच्या वाळूवरच होता. लाट फुटली की नटाला विंगेतलं काही ऐकू यायचं नाही. त्यामुळे ओळी देणाऱ्याला नुसतं नाटक पाठ असून भागत नसे. दोन लाटांमधली शांतता साधून ओळ पोचवावी लागे. हे एकट्या धाकट्यालाच जमायचं. त्याच्या जिवावर त्याचा थोरला भाऊ सत्तरीतही राजा म्हणून मिरवत होता, आणि मिरवण्यात दादाचा हात कोण धरणार!

त्या दिवशी प्रयोगाआधी दादानं सगळ्यांसमोर त्याची टर उडवली. "ह्याचं काय, विंगेत बसायचं नि चहा ढोसायचा. बोका नुसता!" सगळे फिदीफिदी हसले. धाकट्यानंही दात काढले, पण ते त्याच्या मनाला लागलं.

शेवटच्या प्रवेशात दादा अडकला. त्यानं विंगेकडे पाहिलं. लाट ओसरली होती, ओळ धाकट्याच्या अगदी जिभेवर होती. ती त्यानं गिळली. अडकू दे जरा, कळू दे बोका काय करतो ते. दुसरी लाट आली, तिसरी आली. राजा तोंड उघडं टाकून तसाच उभा. लोक हसायला लागले, शेवटी पडदा पाडावा लागला.

"तुझा दोष नाही रे," तोंडावरचा रंग पुसत दादा म्हणाला. "तू ओळ दिलीच असणार. माझेच कान गेले."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दादा बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, मी समोरच्या विंगेत होते. तुमचे ओठ हलले नाहीत."

"वहिनी, अहो..."

"मला सांगून काय उपयोग? ह्यांना सांगा."

त्या रात्री धाकटा भरल्या ताटावरून तसाच उठला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. क्षणभराच्या रागापायी आपण भावाचं राजेपण घालवलं, ह्याची त्याला मनस्वी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. दादा उभा राहिला. "राजाचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. सख्ख्या भावाचा आवाज ज्याला ऐकू येत नाही, त्यानं उगाच कशाला अडून बसायचं?"

धाकटा उठला. "दादा, मी ओळ दिलीच नव्हती."

दादानं कानामागे हात धरला. "काय? मोठ्यानं बोल."

"ओळ दिली नाही मी! मुद्दाम नाही दिली!"

सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या. दादाचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे कान शाबूत आहेत माझे? अगं, ऐकलंस का?" तो वहिनींकडे बघून हसत सुटला. ह्यापेक्षा एक मुस्काटात ठेवून दिली असती तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं.

मग ते हसू हळूहळू मावळलं. दादानं धाकट्याच्या हातातली नाटकाची वही काढून घेतली आणि वहिनींना दिली.

"उद्यापासून विंगेत तू बस," तो म्हणाला. "लाटांचं जमेल हळूहळू."