बसलेला आवाज

भोंगाबाईंनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं पलंगावर ठेवलं, त्यात लॅपटॉप उभा केला आणि वाकून कान लावला. मुलाचा आवाज आता थोडा घुमून येत होता, पण शब्द होते तेवढेच अस्पष्ट राहिले.

"काय म्हणालास?" त्या ओरडल्या.

"आई, मला नुसता तुझा कान दिसतोय."

"दिसू दे. तोंड पाहिलेलंच आहेस माझं. जरा मोठ्याने बोल रे, घशात काय बोळा कोंबलाय?"

"बोलतोच आहे. तुझ्या लॅपटॉपचाच आवाज बसलाय."

"जेवलास का?"

"हो."

"नीट जेवलास का?"

"हो, आई."

आणखी चार-दोन गोष्टी झाल्या, त्यातल्या दोन बाईंना कळल्या आणि दोन त्यांनी अंदाजाने 'बरं बरं' म्हणून उडवून लावल्या. मग फोन संपला. त्यांनी लॅपटॉप पातेल्यातून काढून रजईवर ठेवला आणि त्याच्याकडे रागाने पाहत बसल्या.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. तीस वर्षं त्या सूतगिरणीत होत्या. यंत्रांच्या धडधडाटात पलीकडच्या बाईला मीठ मागायचं तरी घसा फोडावा लागे, आणि तो फोडलेला घसा घरी येऊन पुन्हा सांधता येत नाही. गिरणी बंद पडली तेव्हा गल्लीतले म्हणाले, भोंगा गेला म्हणून काय झालं, आपला आहे की. बाईंनाही त्याचं वाईट वाटलं नाही. मुलगा त्यांच्यावरच गेला होता. कोपऱ्यावर कुणी विनोद केला की त्याचं हसू घरात ओट्यापाशी ऐकू येई, आणि तो पाच मिनिटांत जेवायला येणार हे त्यावरून कळे.

दोन वर्षांपूर्वी तो लांब नोकरीला गेला. मोठ्या गोदामात हिशेबनिसाचं काम, राहायला स्वतंत्र खोली, खोलीला मोठी खिडकी. त्या खिडकीचा निळा पडदा त्याच्या मागे कायम ओढलेला असे. 'उघड की, उजेड येऊ दे,' असं बाईंनी कितीदा सांगितलं, पण त्याला म्हणे ऊन सोसत नव्हतं. दर रविवारी सकाळी सव्वानऊला फोन येई. त्यात तो बोले ते वाचनालयात शेजारच्याला वेळ विचारावी तसं. हसे तेव्हा नुसते दात दिसत.

पहिलं वर्ष बाईंनी यंत्राला शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी मात्र मनात पाल चुकचुकली. हिशेबनिसांच्या कचेरीत, चांगल्या लोकांत राहतो तो. आपल्या आईचा हा गिरणीतला आवाज त्याला आता नकोसा होत असेल का? लाजत तर नसेल आपली? ही शंका त्यांनी कुणाला सांगितली नाही. शेजारीण म्हणाली, "अगं, दुरुस्तीला टाक तो डबा," तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं. डबाच बिघडलेला निघाला तर देव पावला, असं त्या मनात म्हणाल्या.

सोमवारी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून त्या दुकानात गेल्या. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला आणि शब्द मोजून वापरणारा होता. त्याने लॅपटॉप उलटा केला.

"मावशी, हा ठेवता कुठे?"

"पलंगावर. रजईवर."

"याचं तोंड खालच्या बाजूला आहे. हे बघा, या जाळ्या. तुम्ही तोंडावर रजई दाबून विचारताय, बोलत का नाहीस."

त्याने ब्रशने जाळ्या झाडल्या. कापसाचे बारीक पुंजके बाहेर आले.

"मी गिरणी सोडली, पण कापूस काही मला सोडत नाही," बाई म्हणाल्या.

तो गालात हसला. मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने काही खुणा वरखाली केल्या, आवाजाची एक पट्टी जेमतेम अर्ध्यावर होती ती टोकाला नेली आणि एक गाणं लावलं. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबून आत बघायला लागले. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी काउंटरवर थाप मारली.

"ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला.

"थांबा. माझ्या मुलाचा व्हिडिओ आहे यात, माझ्या वाढदिवसाला सकाळी पाठवलेला. तो लावा."

त्याने लावला. मुलाचे ओठ हलले आणि आवाज आला, आधीपेक्षा बरा, पण तसाच खालच्या पट्टीतला. दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, जसं काही डोळ्यांनी ऐकायचं होतं. मग हेडफोन कानांवर चढवून तो व्हिडिओ त्याने पहिल्यापासून ऐकला.

"मावशी, मुलगाच हळू बोलतोय."

"तो हळू बोलणाऱ्यातला नाही."

"इथे बोलतोय. शेजारी माणसं झोपली आहेत त्याच्या."

बाईंनी हात पुढे केला. त्याने हेडफोन त्यांना दिले आणि आवाज पूर्ण वाढवला.

मुलगा थेट कानात बोलला, आई, तुला खूप आयुष्य मिळो. त्याच्या त्या आवाजाखाली कुणीतरी शीळ घातल्यासारखं घोरत होतं. दुसरं कुणी खोकलं. लोखंडी खाट करकरली, झोपेतच कुणी काहीतरी पुटपुटलं, आणि मुलगा वाक्य अर्ध्यात तोडून थांबला. सगळं शांत झाल्यावर त्याने ते वाक्य आणखी हळू पुरं केलं. हा व्हिडिओ बाईंनी निदान पन्नास वेळा पाहिला होता. त्या थांबण्याच्या जागी त्यांना नेहमी वाटे, पोराचा कंठ दाटून आलाय.

भर सकाळी इतकं गाढ कोण झोपतं, हे गिरणीत तीस वर्षं काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. रात्रपाळी करून आलेली माणसं झोपतात तशी. म्हणजे हिशेबनीस नाही, खोली नाही, आणि त्या निळ्या पडद्यामागे खिडकीही नाही. आणि दोन वर्षं दर रविवारी सव्वानऊला आपण त्या दमलेल्या माणसांच्या उशाशी बसून, घशात बोळा कोंबलाय का, म्हणून ओरडत होतो.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. छान झाला लॅपटॉप."

घरी येताना त्यांना आधी हायसं वाटलं. पोरगा लाजत नव्हता, नुसता लपवत होता. पण दोन चौक ओलांडेपर्यंत हायसं वाटणं संपलं आणि पोराला हात लावावासा वाटू लागला. त्याच्या पाठीवर हात फिरवून, पाठ दुखते का रे, एवढंच विचारायचं होतं. त्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग चालू लागल्या.

रविवारी त्यांनी लॅपटॉप उघड्या टेबलावर ठेवला. यापुढे ओरडायचं नाही, कानाला खडा.

"आई, सुधारला का आवाज?"

"हो. आता टाचणी पडली तरी ऐकू येईल," त्या हळूच म्हणाल्या.

मुलगा स्क्रीनजवळ वाकला. "काय?"

"म्हटलं, सुधारला."

"तू अशी का बोलतेस? बरं नाही का?"

"बरी आहे."

"आई, खरं सांग."

"अरे, खरंच बरी आहे. तू कसा आहेस?"

तो गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. दोघंही एकाच वेळी इतक्या हळू कधी बोलली नव्हती, आणि असं बोलायचं म्हटल्यावर काय बोलायचं असतं हे दोघांनाही सुचेना. तेवढ्यात पडद्यामागून एक जाडाभरडा आवाज आला.

"काय रे, आज आई ओरडत नाहीत?"

मुलाने हात मागे नेऊन पडदा घट्ट धरला.

"आजारी आहेत का? विचार की," दुसरा कुणी म्हणाला. "त्यांनी जेवलास का म्हटल्याशिवाय मला रविवारी झोप लागत नाही."

मुलाने मागे वळून पाहिलं, मग आईकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं, आणि ते त्याला कळलं.

"आई, ते मी सांगणारच होतो..."

"किती जण आहात?"

"सहा."

"तुझी खाट वरची की खालची?"

"वरची."

"पडत नाहीस ना?"

"नाही गं."

"आणि मी मेली दोन वर्षं सगळ्यांची झोपमोड करतेय. सांगायचंस तरी."

"झोपमोड कसली, काकू," तो जाडाभरडा आवाज म्हणाला. "मला आता घरचं कुणी ओरडत नाही. पाहुण्यासारखे बोलतात सगळे."

बाईंनी पाणी पिऊन घसा साफ केला, आणि मग दोन वर्षांत कधी लावला नव्हता इतका मोठा आवाज लावला.

"जेवलात का रे सगळे?"

समोरच्या घरातून शेजारणीने डोकं बाहेर काढलं. पडद्यामागून पाच जणांचे हो आले, कुणाचा झोपेतला, कुणाचा हसतहसत. बाई सहाव्याची वाट बघत होत्या. तो मान खाली घालून बसला होता.

"नाही, आई," तो म्हणाला. "अजून नाही."

हळूच म्हणाला, पण बाईंना अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"मग आधी जेवून घे," त्या म्हणाल्या. "मी आहे इथेच."

तो उठून गेला. बाई समोरच्या रिकाम्या निळ्या पडद्याकडे बघत बसून राहिल्या. थोड्या वेळाने लॅपटॉपमधून, लांब कुठेतरी, ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.