चौदा नंबरची पेटी

"बांगड्या काढा, ताई," गेटवरचे दत्तूभाऊ सवयीने म्हणाले आणि माझ्या मोकळ्या हातांकडे बघून ओशाळले.

माझ्या मागे बायकांची रांग होती. दिंडोरी रोडवरच्या या पॅकहाऊसमध्ये सकाळी आठला काम सुरू होतं. परदेशी जाणारी द्राक्षं इथे भरतात, त्यामुळे काचेचा कणही आत गेलेला चालत नाही. प्रत्येक बाई बांगड्या उतरवते, आपला नंबर टाकलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवते, डबा दत्तूभाऊंच्या हाती देते आणि उघड्या हातांनी आत जाते.

"मी लंकाबाईंची आरोही," मी म्हणाले. "आईचा डबा न्यायला आलेय."

"वळखलं की. हॉलंडवाली." त्यांनी फळीवर मागे सारून ठेवलेला एक डबा पुढे ओढला, पण हातात दिला नाही. "आधी महेशभाऊंना भेटून या. पोरगी आली तर आत पाठवा म्हणले व्हते."

डब्यावर लाल रंगात चौदा लिहिलं होतं.

आईने इथे अकरा हंगाम काम केलं. दोन आठवड्यांपूर्वी टेबलाशी उभी असतानाच तिला भोवळ आली. महेशभाऊ इथले सुपरवायझर. त्यांनी स्वतःच्या गाडीतून तिला गंगापूर रोडच्या दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी गेली. सवाष्ण गेली म्हणून काकूने तिच्या हातांत नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. रोजच्या होत्या त्या इथे डब्यात राहिल्या. काल तेरावं झालं. सगळे पांगल्यावर नाना, माझे वडील, एवढंच म्हणाले, "तिच्या बांगड्या तेवढ्या घेऊन ये."

याच बांगड्यांवरून पहिल्या हंगामात मखमलाबादच्या आमच्या गल्लीत चर्चा झाली होती. नवरा धडधाकट असताना बाई हात उघडे ठेवते म्हणजे काय? शेजारच्या म्हातारीने तोंडावरच विचारलं, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आठ तास हात कामाचे, मावशी. बाकीचे सोळा तास नवऱ्याचे." नाना ओसरीवर बसून हसले. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

मला डब्याशिवाय आणखी एक गोष्ट इथून हवी होती. मी आईशी एकदा खोटं बोलले होते. ते तिला कळलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मी नेदरलँड्सला शिकायला गेले. काढणीनंतर फळं कशी टिकवायची, त्याचं शास्त्र. घरातून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे निरोपाला निम्मी गल्ली आली होती. आई गर्दीत मागे होती. ती पुढे आली, माझं मनगट धरलं आणि सोडलं. द्राक्षाचा घड नेहमी देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर मण्यावरची पांढरी साय पुसली जाते, असं ती सांगायची. तिचं सगळं धरणं तसंच झालं होतं. कोथिंबिरीची जुडीसुद्धा ती देठाला धरून उचलायची.

सप्टेंबर-ऑक्टोबर नव्या नवलाईत गेले. मग दुपारी साडेचारला अंधार पडायला लागला. शेजारच्या खोलीतली मुलगी चांगली होती, पण तिला काही सांगायचं असलं की ती फ्रिजवर चिठ्ठी लावायची. मला मोठ्यांदा हाक मारणारं कुणी नव्हतं. एकदा बाजारात कुणीतरी "आरू" म्हटल्यासारखं वाटलं आणि मी वळून बघितलं. एक आजोबा आपल्या कुत्र्याला बोलवत होते. त्या दिवशी मी रस्त्यातच रडले. वर्गात सरांनी सांगितलं, वेलीवरून तोडलेलं फळ लगेच मरत नाही, ते श्वास घेतच राहतं. थंडीत ठेवलं की श्वास मंदावतो, एवढंच. सगळे लिहून घेत होते. मला लिहिता येईना.

फेब्रुवारीत मी आईच्या जेवणाच्या सुट्टीत तिला फोन केला.

"आई, मी परत येते. कायमची."

ती ओरडेल, समजावेल, नानांकडे फोन देईल, अशी माझी सगळी तयारी होती.

"कधी?" तिने विचारलं.

"पुढच्या आठवड्याचं तिकीट बघितलंय."

"पुढच्या आठवड्यात?" ती घास चावत विचार करत होती. "अगं, आज आमच्याकडं हॉलंडचाच कंटेनर लागलाय. सकाळधरून त्याच्याच पेट्या भरतीये मी. महेशभाऊ म्हणत्यात, अठ्ठावीस दिवस लागत्यात पोचायला. पेटीवर चौदा नंबर असतो माझा. त्या तिकडं यायच्या अन् तू इकडं यायची, म्हणजे चुकामूकच की. तेवढ्या खाऊन ये."

"आई, एवढ्या मोठ्या देशात तुझी पेटी मला कुठे सापडणार?"

"नंबर हाय ना त्याच्यावर! आंधळी हायेस का?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. तिकीट काढायचं मी अठ्ठावीस दिवस पुढे ढकललं.

ते दिवस मी मोजले. माल रेल्वेने बंदरावर गेला असेल, जहाजात चढला असेल, आज सुएझच्या आसपास असेल. मी वर्गात बसायचे, प्रयोगशाळेत जायचे, आणि कंटेनर माझ्याकडे येत राहायचा. एकोणतिसाव्या दिवसापासून मी दुकानं पालथी घालायला लागले. चिलीची द्राक्षं होती, दक्षिण आफ्रिकेची होती. पाचव्या दिवशी एका दुकानात छोट्या अक्षरांत भारत दिसलं. तिथल्या जाड चष्म्याच्या बाईंना मी विचारलं, या डब्या ज्या पेट्यांतून आल्या त्या बघायला मिळतील का? त्यांना वाटलं मी तपासणीला आले आहे. त्या मला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. मी गुडघ्यांवर बसून एकेक पेटी फिरवून बघितली. सहा. बावीस. एकतीस. पुन्हा सहा. चौदा नव्हती.

मी एक डबी घेतली आणि दुकानाबाहेर थंडीत उभी राहून सगळी संपवली. मग फोन केला.

"आई, सापडली."

"काय सांगती! चौदा?"

"चौदाच. एकदम ताजी. वरून देठ दिसत होता, तोसुद्धा हिरवागार."

पलीकडून नुसता बायकांच्या बोलण्याचा गलका ऐकू येत होता.

"बरं," आई म्हणाली. "गोड व्हती?"

"खूप."

"मंग आता? येती?"

"आता महिन्यावर परीक्षा आलीय. ती देऊनच येते."

"दे," ती म्हणाली.

परीक्षेनंतर प्रबंध आला, त्यानंतर रॉटरडॅमच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. घरी मी फक्त सुट्टीत येत राहिले. प्रत्येक वेळी वाटायचं, तिला खरं सांगून टाकावं. पण नाशकात पाय ठेवावा, तर भेटेल ती बाई मला म्हणायची, "तुलाच ना ती पेटी सापडली?"

महेशभाऊंनी मला डोक्याला जाळीची टोपी आणि अ‍ॅप्रन दिला. आत गार होतं. लांब टेबलांशी बायका हातात छोट्या कात्र्या घेऊन उभ्या होत्या. खराब मणी, बारीक मणी टिपून काढायचा, घड डबीत ठेवायचा, वजन करायचं.

"तक्रार आली की नंबरासकट येते," महेशभाऊ म्हणाले. "अकरा हंगामात चौदा नंबरची एक तक्रार नाही. एक. हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून आत बोलावलं." मग ते जरा घुटमळले. "नंबर अजून कुणाला दिलेला नाही. तुमचा डबा रिकामा झाला की या मुलीला द्यायचाय. चालेल ना?"

मुलगी वीस-बावीसची होती, लग्न होऊन पेठहून नुकतीच आलेली. रोशनी तिचं नाव. आईच्या जागेवर उभी होती. तिच्या शेजारी मंगलाबाई होत्या, ज्यांच्याबरोबर आई अकरा वर्षं एकाच टेम्पोतून आली-गेली. त्यांनी मला बघितलं, मान हलवली आणि कात्री चालूच ठेवली. त्यांचे डोळे भरले, तरी हात थांबले नाहीत.

"या ताईंनाच सापडली व्हती का पेटी?" रोशनीने त्यांना हळूच विचारलं.

"हो, याच. तू घडाकडं बघ." मंगलाबाईंनी तिच्या हातातली डबी ओढून घेतली. "पुन्हा देठ वर! किती डाव सांगायचं गं तुला? देठ खाली, पोट वर. नायतर वरच्या डबीचा भार आला की देठ मण्यात घुसतो. लंकाबाईच्या पेटीत देठ दिसला तर मी माझं टकलं करीन."

मी त्या डबीकडे बघितलं.

"कधीच दिसायचा नाही?"

"अकरा वर्सं बघत व्हते मी."

"मंगलाबाई, मी आईला फोनवर..."

"देठ हिरवागार दिसला म्हणली व्हतीस." त्यांनी मान वर केली नाही. "शेजारी बसून डबा खात व्हते ना मी. फोन ठिवला अन् हसायला लागली. म्हणली, मंगल, पोरीला पेटी काय सापडली नाय. मी म्हणलं, अगं मंग हसती कामून? तर म्हणली, परीक्षा देऊन येते म्हणली ना. मंग सापडलीच म्हणायची." त्यांनी एक खराब मणी टिपून बाजूला टाकला. "अन् चहाच्या सुट्टीत साऱ्या पॅकहाऊसभर सांगत सुटली, माझी पेटी हॉलंडात पोरीला घावली. लय मिरवायची. कुणी घाईघाईत घड कोंबला की म्हणायची, नीट भरा गं, तिकडं कुणाची तरी पोर उघडणार हाय."

मशीनवर पेट्या सरकत होत्या. कुणी काम थांबवलं नाही. आईला हे आवडलं असतं.

बाहेर आले तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. दत्तूभाऊंनी डबा माझ्यापुढे ठेवला. आत सहा बांगड्या होत्या, हिरव्या, एकीचा रंग कडेला उडालेला. मी त्या रुमालात एकेक करून ठेवल्या आणि गाठ मारली. दत्तूभाऊंनी रिकामा डबा फडक्याने आतून पुसला.

"ए रोशनी, इकडं ये. चौदा नंबर घे."

ती पदराला हात पुसत आली. तिच्या बांगड्या इतके दिवस कागदात गुंडाळून दत्तूभाऊंच्या टेबलावर पडायच्या. तिने पुडी सोडली.

"ताई," ती बांगड्या डब्यात ठेवता ठेवता म्हणाली, "माझी पेटी तिकडं आली तर सांगाल? अठ्ठावीस दिवस लागत्यात ना?"

"आता जास्त लागतात. जहाजं सुएझ टाळून लांबच्या वाटेने जातात," मी म्हणाले. "पण पोचतात."

"मंग वळखाल कशी? नंबरावरून?"

"देठ खाली ठेव," मी म्हणाले. "मी ओळखेन."

तिने डब्याचं झाकण लावलं, तो दत्तूभाऊंच्या हाती दिला आणि उघड्या हातांनी आत गेली.