साइटवरची खोली

रंगनाथ गवंड्यानं नाशकात चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली. कधी कुणापुढं अडला नाही, पण लेकीच्या अभ्यासानं त्याला बरोबर खिंडीत गाठलं.

निकिता हॉलंडमध्ये होती. शहरं कशी वसवायची, घरं कशी बांधायची हे शिकवणारी तिथली आंतरराष्ट्रीय संस्था, देशोदेशीची पोरं तिथं. सरांनी सगळ्यांना सांगितलं, ज्या घरात वाढलात ते मापानिशी काढून आणा. म्हणून सकाळीच तिचा फोन आला. "आप्पा, आपल्या साइटवरच्या खोलीचं माप सांगा ना."

खोली कसली, पत्र्याचं खोपटं. बिल्डिंग उभी राहिली की मोडायचं आणि पुढच्या साइटवर पुन्हा ठोकायचं.

"त्याला काय घर म्हणायचं?" रंगनाथ उखडला. "सिन्नरला काकाचा बंगला हाय, तो काढ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण मी तिथं वाढले नाही, आप्पा. उद्या वर्गात दाखवायचंय."

"मला ध्यानात नाय," म्हणत त्यानं फोन ठेवला.

साफ खोटं बोलला बरं का! ज्याला वीस वर्षांपूर्वीच्या जिन्याच्या पायऱ्या पाठ, तो स्वतःचं खोपटं विसरेल होय? लाज वाटत होती त्याला. साहेबांच्या पोरांसमोर आपली पोर पत्रे दाखवणार, तिला हसतील, हे त्याच्या काळजाला लागलं होतं.

दुपारी साइटवर मैना नावाची बिगारीण खोपटात बाळाची झोळी हलवत होती. पत्रा नुसता तापलेला, बाळ रडून लाल झालेलं. रंगनाथनं कॉलमला गुंडाळायची दोन पोती उचलली, पाण्यात बुचकळली आणि पत्र्यावर पसरली. जरा वेळानं बाळ निजलं.

"हे कुठं शिकला, दादा?" मैनानं विचारलं.

"माझ्या निकीसाठी करायचो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. किती जपलं होतं आपण त्या पोरीला, आणि त्याचीच लाज धरून बसलो.

त्यानं तिथूनच फोन लावला.

"लिही. दहा बाय आठ. दार पूर्वेला, उतरतं ऊन तुझ्या अंगावर येऊ नये म्हणून. पत्र्यावर ओली पोती दाखव, तुला लय गरम व्हायचं."

पलीकडं निकिता रडत होती.

"आन खाली माझं नाव घाल," रंगनाथ म्हणाला. "सात वेळा बांधलंय म्या ते घर."