आरशातली शर्यत आणि अर्धी दाढी

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पुढे गैरसमज नको म्हणून आधीच सांगून ठेवतो, की मी जन्मात कधी खोटे बोललेलो नाही. टकल्याला मी केस दाखवले नाहीत आणि रडव्याला हसरा केला नाही. मी फक्त डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे करतो. ती माझी खोड नव्हे, तो माझा धर्म आहे. पण एवढ्या एका गोष्टीपायी एका भल्या माणसाला अर्धी दाढी घेऊन हिंडावे लागले, त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. मला कापले, माझ्या कडा घासल्या, पाठीवर चकचकीत थर चढवला आणि त्यावर लाल रंग फासला. तपासणाऱ्या माणसाने माझ्यात बघून आधी स्वतःचा भांग नीट केला आणि मग मला पास केले. पेंढ्यात गुंडाळून मला या सलूनमध्ये आणले, तेव्हा मालकांना नुकती मिसरूड फुटत होती. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी ओल्या वर्तमानपत्राने मला असे पुसले, की रस्त्यावरचा कुत्रा माझ्यात दुसरा कुत्रा बघून भुंकत आत आला. आता भाऊंची मिशी पांढरी झाली आहे आणि माझ्याही खालच्या कोपऱ्यातला थर उडून काळे डाग पडले आहेत. म्हातारपण आम्हाला बरोबरच आले.

कामाच्या वर्षांत मी काय काय पाहिले! लग्नाला निघालेले नवरदेव पाहिले, नोकरीच्या मुलाखतीला जाणारी पोरे पाहिली. पहिला पांढरा केस दिसल्यावर प्रत्येक माणूस आधी माझ्यावर संशय घेतो आणि हाताने काच पुसून बघतो. मला त्याचा राग येत नाही.

मग भाऊंनी टीव्ही आणला. भाऊंना खेळांचे भारी वेड. घरचा टीव्ही वहिनींच्या मालिकांसाठी राखीव, त्यामुळे खेळ बघायचे ते सलूनमध्येच. पण लावणार कुठे? समोरच्या भिंतीवर मी होतो. बाजूला दार आणि त्याच्याजवळ वाट बघणाऱ्यांचे बाक. उरली खुर्च्यांच्या मागची भिंत, तिथे टीव्ही उंचावर ठोकला. त्यामुळे झाले असे, की बाकावरचे लोक टीव्ही सरळ बघत आणि खुर्चीवरचे गिऱ्हाईक तो माझ्यात बघे. गिऱ्हाइकाला मान वळवण्याची सोय नव्हती, कारण गळ्याशी वस्तरा. आणि भाऊ? हातात वस्तरा, एक डोळा गालावर, दुसरा माझ्यात. मित्रांनो, भाऊंनी इतक्या वर्षांत टीव्हीवरची एकही शर्यत सरळ पाहिली नव्हती. पडद्यावरची उलटी अक्षरे ते घडाघडा वाचत, आणि त्यात काही विशेष आहे असे त्यांना वाटतही नसे.

दर चार वर्षांनी साऱ्या जगाची ती मोठी स्पर्धा आली, की आमच्या सलूनचे न्यायालय होई. शेजारच्या औषधाच्या दुकानाचा मालक दुकान नोकरावर सोडून येई. त्याला सगळे औषधवाला म्हणत. कोणत्या देशाला किती पदके मिळाली, हे तो लोकसंख्येने भागून सांगे, आणि भागाकार करूनही आपला देश वर येईना, की हवामानाने भागे. ज्यांना घरच्या जिन्यावर धाप लागे, ते कसरतपटूच्या कोलांटीत खोट काढत. पण या न्यायालयाचे खरे न्यायाधीश दोनच होते, एक भाऊ आणि दुसरे ड्रायव्हरकाका.

ड्रायव्हरकाका हे बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ, भाऊंचे जुने मित्र. दाढी असो वा नसो, संध्याकाळी ते यायचेच. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. दोघांचे अरे-तुरे चाले. भाऊ त्यांना मुद्दाम ड्रायव्हरसाहेब म्हणत आणि काका म्हणत, "साहेब म्हणतोस आणि साबण स्वस्तातला लावतोस."

त्या संध्याकाळी मुलींची आठशे मीटरची अंतिम शर्यत होती. आपल्या देशाची पोरगी पहिल्यांदाच एवढ्या पुढे पोचली होती. भाऊंचा वस्तरा हवेत थांबलेला, खुर्चीवरचे गिऱ्हाईक श्वास रोखून बसलेले, काका बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होते. शेवटच्या वळणावर मुलींचा घोळका झाला, रेटारेटी झाली. आपली पोरगी डगमगली, सावरली आणि तिसरी आली. मग काय विचारता! औषधवाल्याने आनंदाच्या भरात फेसाने माखलेल्या गिऱ्हाइकालाच मिठी मारली. दाढी उरकून ते गिऱ्हाईक हसतच घरी गेले आणि काका खुर्चीवर येऊन बसले. भाऊंनी त्यांना फेस लावला, एक गाल साफ केला, आणि तेवढ्यात बातमी आली, की आपल्या पोरीला बाद केले आहे.

समालोचकाने कारण सांगितले. वळणावर तिचा डावा पाय आतल्या रेषेवर पडला होता. पडद्यावर ते दृश्य हळू करून पुन्हा दाखवले. काकांनी मान वळवून टीव्हीकडे पाहिले आणि सुस्कारा सोडला. भाऊंनी माझ्यात पाहिले आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अरे, डावा कुठला? रेषेवर उजवा पाय आहे," भाऊ म्हणाले. "डावा तर चांगला हातभर लांब आहे. ज्या पायाने काही केलंच नाही, त्याच्या नावावर पोरीला बाद केलं. ही उघड उघड लबाडी आहे."

काका म्हणाले की वाईट त्यांनाही वाटते आहे, पण पाय डावाच होता. धावणारे नेहमी डाव्या हाताला वळतात, मग आतल्या रेषेवर डावाच पाय पडणार. भाऊ म्हणाले की ते वर्षानुवर्षे शर्यती बघत आले आहेत, आणि धावणारे नेहमी उजव्या हाताला वळतात. काका म्हणाले की डावे-उजवे त्यांना कुणी शिकवू नये, त्यांनी जन्मभर बस वळवली आहे. भाऊ म्हणाले की त्यांनीही जन्मभर लोकांचे डावे-उजवे कल्ले सारखे केले आहेत. औषधवाला मध्ये पडला. त्याने विचारले, की कोणताही पाय असला तरी रेष तुडवली ना? त्यावर दोघांनीही त्याला गप्प बसवले.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की अहो, दोघेही खरे बोलताय, जरा मागे वळा! पण आरशाला तोंड दाखवता येते, तोंड उघडता येत नाही.

भाऊंच्या जिभेला हाड राहिले नाही. ते म्हणाले, "आपल्या पोरीवर आळ घेणाऱ्यांच्या पंगतीला बसलास तू."

काका खुर्चीवरून उठले. अर्ध्या चेहऱ्यावर फेस, गळ्यात टॉवेल. "भाऊ, तुमचा वस्तरा तुम्हाला लखलाभ," एवढे बोलून ते तसेच रस्त्यावर गेले. मैत्रीतला 'तू' जाऊन 'तुम्ही' आला, की समजावे, पाणी डोक्यावरून गेले.

पुढचे दिवस मला फार जड गेले. आपल्या पथकाने निकालाविरुद्ध दाद मागितली. सलूनमध्ये तर्कवितर्कांना ऊत आला, पण खिडकीजवळची खुर्ची रिकामीच राहिली. संध्याकाळी कुणी तिथे बसायला गेले, की भाऊ म्हणत, तिचा पाय डगमगतोय, दुसऱ्या खुर्चीवर बसा. मला तर सगळे दिसते. खुर्ची चांगली भक्कम होती.

काकांची बातमी औषधवाला आणी. काकांनी फेस घरी जाऊन धुतला, पण दाढी पुरी केली नाही. एका गालावर नुकते फुटलेले खुंट आणि दुसऱ्यावर पांढरे रान. मुले मागे लागत, ओळखीचे लोक कोणत्या बाजूने नमस्कार करावा या विचारात पडत. औषधवाल्याने त्यांना कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये जायला सुचवले, तर काका म्हणाले, "या गालाला भाऊशिवाय दुसऱ्याचा हात लागलेला नाही, आणि लागणार नाही." ते ऐकून भाऊ बराच वेळ वस्तरा चामड्यावर घासत राहिले. पण हट्ट म्हणजे हट्ट. पाय उजवाच होता, असेच त्यांनी शेवटी सांगितले.

मग निकाल फिरला. मागून आलेल्या मुलीच्या धक्क्यामुळे आपल्या पोरीचा पाय रेषेवर गेला, तिचा दोष नाही, असे पंचांनी मान्य केले आणि तिसऱ्या क्रमांकाचे पदक तिला परत दिले. अख्खी गल्ली नाचली. भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला, आणि आपलेच म्हणणे खरे ठरले असे दोनदा सांगितले. पण सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर उभे राहून उगाच खिडकीच्या बाजूची काच पुसू लागले. पदक परत आले होते, पण ड्रायव्हरकाका आले नव्हते. भाऊंचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दारात काकू उभ्या राहिल्या. पुरुषांच्या सलूनमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. मागे काका होते, मफलरने अर्धे तोंड झाकलेले.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "उद्या मुलगी आणि जावई येतायत. त्यांना अर्धा बाप दाखवू का? यांची दाढी करा. आणि दोघांपैकी एकानेही पायाचं नाव काढलं, तर मी इथून हलणार नाही."

काका खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. खुर्ची मुळीच डगमगली नाही. भाऊंनी फेस केला, अगदी चांगला साबण घेऊन. काकू बाकावर बसून राखण करू लागल्या. वस्तरा गळ्याशी आला आणि नेमकी टीव्हीवर तीच शर्यत पुन्हा सुरू झाली. आता मान वळवणे शक्य नव्हते. काकांनी माझ्यात पाहिले. मुली वळणावर आल्या, धक्का बसला, पाय रेषेवर पडला, आणि काकांचा चेहरा उतरला.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "उजवाच आहे रे. माझंच चुकलं."

भाऊंचा हात थांबला. "राहू दे," ते म्हणाले. "डावाच असेल. मीच नीट बघितलं नसेल."

"अरे, उजवा आहे, मला आत्ता दिसला."

"तू म्हणाला होतास ना डावा? मग डावा. मी मान्य करतो."

"मी मान्य केलंय आधी. उजवा!"

"डावा म्हणतोय ना मी!"

मित्रांनो, दोघांचा आवाज पुन्हा चढू लागला. या खेपेला ते एकमेकांच्या बाजूने भांडत होते. बाकावर काकूंनी कपाळावर हात मारला. त्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले.

"अहो, इकडे डावा आहे आणि तिकडे उजवा," त्या म्हणाल्या. "आरशात बघताय तुम्ही. मागे वळा जरा."

भाऊंनी वस्तरा बाजूला ठेवला आणि काकांसकट फिरती खुर्ची गर्रकन वळवली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते स्वतः टीव्हीकडे तोंड करून उभे राहिले. शर्यत पुन्हा दाखवत होते. भाऊ आ वासून बघत राहिले.

"अरे, या सगळ्या उलट्या धावतायत," ते म्हणाले.

काकांना हसू आवरेना. फेस उडून काकूंच्या पदरावर गेला. भाऊ आधी खजील झाले, मग तेही हसायला लागले, आणि डोळे पुसत म्हणाले, "अक्षरं मी आरशात उलटून वाचतो रे. पायही उलटायचे असतात, हे कधी डोक्यातच आलं नाही."

"आणि मी?" काका म्हणाले. "जन्मभर आरशात बघून बस मागे घेतली. माझ्या तरी कुठे आलं?"

एवढ्यात औषधवाला आला. सगळा प्रकार ऐकून त्याने निकाल दिला, की दोष आरशाचा आहे, हा डाग पडलेला जुना आरसा भंगारात घालावा. माझ्या काचेला घाम फुटला. इतक्या वर्षांची सेवा, आणि शेवट भंगारात?

"तो कशाला जाईल?" भाऊ म्हणाले. "त्याने आपल्यासमोर सगळं ठेवलं. मान आपण वळवली नाही." आणि त्यांनी ओल्या वर्तमानपत्राने मला पुसले, अगदी पहिल्या दिवशी पुसले होते तसे.

तर मित्रांनो, आरशावर हात उगारू नका आणि त्याला धुळीत ठेवू नका. आणि जुन्या मित्राशी कट्टी घेण्याआधी एकदा तरी त्याच्या बाकावरून बघा. गळ्याशी वस्तरा असेल, तर आधी तो बाजूला करायला सांगा.

आता मोठी शर्यत लागली, की भाऊ वस्तरा खाली ठेवतात, काकांची खुर्ची फिरवतात आणि शेजारी स्टूल ओढून बसतात. दोघांचे तोंड टीव्हीकडे असते, त्यामुळे माझ्या वाट्याला त्यांच्या पाठीच येतात, एक बारीक आणि एक रुंद, खांद्याला खांदा लागलेल्या. पंचांवर तोंडसुख घेताना दोन्ही एकदमच हलतात. त्यातली डावी कुणाची आणि उजवी कुणाची, हे मात्र मी सांगणार नाही.